एकाच नावाचे बॅक्टेरिया, पण घरोघरी वेगळे: दही, कुरडई आणि आंबिलीतल्या वाणांबद्दल

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी फॉरवर्ड टाकला, की घरच्या दह्यात कुठले बॅक्टेरिया आहेत कुणालाच माहीत नसतं, तेव्हा ते खाऊ नका, डब्यावर नाव छापलेलं प्रोबायोटिकच, म्हणजे फायद्याचे म्हणून विकतात ते जिवंत बॅक्टेरियाच, घ्या. पाच मिनिटांत दुसऱ्या विंगमधल्या काकूंचा उलटा फॉरवर्ड, घरच्या दह्यात हजारो प्रकारचे बॅक्टेरिया असतात, रोज वाटीभर खा, डॉक्टर विसरा. मग रविवारी मिसळ खायला कुठे जायचं हा विषय निघाला आणि दोन्ही फॉरवर्ड वर सरकून गेले. पण माझ्या डोक्यातून काही ते जाईनात, कारण मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय आणि लग्नाआधी सहा वर्षं एका डेअरीच्या लॅबमध्ये दही लागलं का नाही हेच बघायचं काम केलंय. दोन्ही फॉरवर्डमध्ये एक एक घास खरा आहे आणि बाकी सगळं फुगवलेलं. म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच काढू.

दूध विरजतं तेव्हा होतं काय

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती खाऊन जे बॅक्टेरिया लॅक्टिक अ‍ॅसिड बाहेर टाकतात ते लॅक्टिक अ‍ॅसिड बॅक्टेरिया. नाव लांबलचक आहे, मी पुढे नुसतं 'आंबटवाले' म्हणते. आंबटपणा मोजायचं माप म्हणजे पीएच, तो जेवढा कमी तेवढं आंबट. ताज्या दुधाचा असतो ६.६ च्या आसपास, आंबटवाले कामाला लागले की उतरत जातो, आणि ४.६ च्या जवळ आला की दुधातलं केसीन नावाचं प्रोटीन एकमेकांना धरून जाळं बनवतं. तेच दही. पातेलं हलवलं की जाळं तुटतं, म्हणून आई ओरडायची की विरजण लावल्यावर हात लावू नका रे.

आता यात एकटा कोणी काम करत नाही. बाजारच्या योगर्टमध्ये दोघांची जोडी असते, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. बल्गेरिकस दुधातलं प्रोटीन तोडतो आणि ते तुकडे थर्मोफिलस खातो, बदल्यात थर्मोफिलस फॉर्मिक अ‍ॅसिड आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, ते बल्गेरिकसला लागतं. शेजारणी एकमेकींकडे वाटी पाठवतात तसं. हा बल्गेरिकस १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह नावाच्या बल्गेरियन विद्यार्थ्याने शोधला, आणि २०१२ मध्ये हैदराबादच्या जैवविविधता परिषदेत त्याला भारताचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव म्हणून जाहीर केलं. मोर, वाघ आणि हा. क्विझमध्ये कुणाला येत नाही.

पण या जोडीला चाळिशीच्या पुढचं, ४२-४३ डिग्रीचं तापमान आवडतं, ते फॅक्टरीत मिळतं. आपण कोमट दुधात विरजण लावतो आणि ओट्यावर ठेवून देतो, ते रात्रभर थंड होत जातं, मग त्यात त्याहून कमी तापमानात काम करणारे लॅक्टोकॉकस, ल्युकोनोस्टॉक असे दुसरे आंबटवालेही हात धुऊन घेतात. निफाडला पारा पाच-सहावर येतो त्या दिवसांत तर पातेल्याला गोधडीत गुंडाळा नाहीतर पिठाच्या डब्यात ठेवा. म्हणजे तुमच्या घराचं तापमान, तुम्ही रात्री किती वाजता विरजण लावता, दही लागल्यावर किती वेळ बाहेर राहतं, यावर तुमच्या पातेल्यात कोण टिकणार ते ठरतं. आणि उद्याचं विरजण आजच्या दह्यातूनच घ्यायचं, म्हणजे जो आज टिकला त्याचीच पोरंबाळं उद्या. असं वर्षानुवर्षं. शेतकरी चांगलं कणीस बघून बियाणं बाजूला ठेवतो ना, तसं आपण रोज रात्री करतो, फक्त आपल्याला माहीत नसतं.

नाव एक, वाणं शंभर

आता मुख्य मुद्दा, आणि तो नाशिककरांना समजावणं सगळ्यात सोपं आहे. नुसतं 'द्राक्ष' म्हटलं की पिंपळगावचा बागायतदार विचारेल, कुठलं? थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश, शरद? सोनाका आणि तास-ए-गणेश तर थॉमसनमधूनच निघालेत, तरी मण्याचा आकार वेगळा, भाव वेगळा. बॅक्टेरियाचंही तेच. डब्यावर जे 'लॅक्टोबॅसिलस अमुक' छापलेलं असतं ते फक्त 'द्राक्ष' म्हटल्यासारखं आहे. त्याच्या आतलं वाण, ज्याला इंग्रजीत स्ट्रेन म्हणतात, ते पुढच्या आकड्या-अक्षरांत असतं, आणि बऱ्याच डब्यांवर ते नसतंच.

आणि इथे द्राक्षाचं उदाहरणही कमी पडतं. तुमच्या आणि माझ्या डीएनएमध्ये हजारात साधारण एका अक्षराचा फरक असेल, पण जीन, म्हणजे डीएनएमधल्या एकेका कामाच्या सूचना, जवळपास तेच, इकडे तिकडे स्पेलिंग वेगळं. बॅक्टेरियात तसं नाही. प्लांटारम नावाचा एक आंबटवाला आहे, त्याच्याकडे साधारण ३,००० जीन असतात, आणि त्याच नावाच्या दोन वाणांत शेकडो जीन असे निघतात जे एकाकडे आहेत आणि दुसऱ्याकडे मुळातच नाहीत. एकाच आडनावाच्या दोन घरांपैकी एका घरात शिलाई मशीन, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी सगळं आहे आणि दुसऱ्या घरात फक्त गॅसची शेगडी, असं समजा.

हे आधी कुणाला दिसत नव्हतं. पूर्वी बॅक्टेरिया बशीत वाढवायचे, मायक्रोस्कोपखाली काडीसारखा का गोल ते बघायचं, कुठली साखर खातो ते तपासायचं आणि नाव द्यायचं. मग १६एस नावाच्या एका जीनची साधारण १,५०० अक्षरं वाचून ओळख पटवायला लागले. ते म्हणजे नुसतं आडनाव विचारणं, भावकी कळते, माणूस कळत नाही. प्लांटारम आणि त्याचा चुलतभाऊ पेंटोसस यांच्यात तर १६एस वाचून फरकच करता येत नाही. आता पूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएची पहिल्यापासून शेवटपर्यंतची अक्षरं, वाचणं स्वस्त झालंय, आणि त्यातून जे निघालं त्याने २०२० मध्ये मोठा गोंधळ झाला. लॅक्टोबॅसिलस या एका घराण्यात तोपर्यंत २६१ प्रजाती कोंबल्या होत्या, आणि त्या एकमेकींपासून इतक्या लांबच्या निघाल्या की त्यांना २५ घराण्यांत वाटून टाकलं. बल्गेरिकस जुन्या घरात राहिला, प्लांटारमचं झालं लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम. आम्ही परीक्षेला पाठ केलेली नावं लॉकडाऊनमध्ये एका झटक्यात बाद. बरेच डबे अजून जुनीच नावं छापतात, त्यात फसवणूक वगैरे काही नाही.

गंजलेला नांगर आणि शेजारणीची चिठ्ठी

एकाच नावाच्या जिवांत एवढा फरक पडतो कसा? दोन-तीन वाटा आहेत, आणि मला यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

पहिली वाट, हरवणं. गावाकडची शेती सोडून सिडकोत फ्लॅट घेतलेलं घर आठवा. नांगर आणला, माळ्यावर टाकला, वीस वर्षांत गंजून गेला, कुणाला त्याची गरजच नाही कारण कोपऱ्यावर किराणा आहे. बल्गेरिकस तसा आहे. त्याचे पूर्वज झाडापाल्यावर जगायचे, नाना प्रकारच्या साखरा खायचे. मग तो दुधात राहायला आला, जिथे सगळं आयतं. त्याचा जीनोम २००६ मध्ये वाचला तेव्हा त्यात अडीचशेच्या वर मोडके जीन सापडले, म्हणजे जागा आहे पण काम करत नाहीत. गंजलेले नांगर. त्याचा जीनोम साधारण १८ लाख अक्षरांचा, तर प्लांटारमचा ३३ लाखांचा, कारण प्लांटारम अजून फिरस्ता आहे, भाजीच्या पानावर, लोणच्यात, पिठात, आपल्या आतड्यात, कुठेही राहतो, म्हणून सगळी अवजारं बरोबर घेऊन हिंडतो.

दुसरी वाट, देवाणघेवाण. बॅक्टेरियाची डीएनएची मुख्य वही एक असते आणि त्याशिवाय काहींकडे डीएनएच्या छोट्या सुट्ट्या गोल चिठ्ठ्या असतात, त्यांना प्लाझमिड म्हणतात. या चिठ्ठ्या ते एकमेकांना देऊ शकतात, अगदी बरण्या घेऊन गच्चीत बसलेल्या बायका रेसिपी देतात तशा. लॅक्टोकॉकसची गंमत म्हणजे दुधातली साखर खायचा आणि केसीन तोडायचा जीन बऱ्याचदा मुख्य वहीत नसतो, चिठ्ठीवर असतो. चिठ्ठी हरवली की तोच बॅक्टेरिया दुधात नुसता बसून राहतो. लोण्याचा जो वास येतो ना, डायअसेटिलचा, तो बनवायच्या कामातला एक जीनही अशाच चिठ्ठीवर सापडतो. दह्याला तार सुटते, चमच्याबरोबर ओढलं जातं, ती काही वाणं एक चिकट साखरेची साखळी बनवतात म्हणून. आपण त्याला दही बिघडलं म्हणतो, फिनलंडमध्ये व्हीली नावाचं दही मुद्दाम तसंच करतात.

तिसरी वाट थेट आपल्या वायनरीत. नाशिकची वाईन फक्त यीस्टने होत नाही. बऱ्याचशा रेड वाईनमध्ये यीस्टचं काम झाल्यावर इनोकॉकस इनी नावाचा आंबटवाला येतो, तो द्राक्षातलं बोचरं मॅलिक अ‍ॅसिड, म्हणजे हिरव्या सफरचंदासारखा आंबटपणा, सौम्य लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये बदलतो. या पठ्ठ्याकडे डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारे दोन महत्त्वाचे जीन नाहीत. प्रूफरीडर नसलेला छापखाना. चुका राहतात, त्यातल्या बहुतेक निरुपयोगी, पण एखादी दारूत आणि आंबटात टिकायला कामाला येते, आणि नवीन वाण तयार.

कुरडईच्या पातेल्यात विरजण कुणी टाकलं?

आंबवणं म्हटलं की आपण इडली-ढोकळ्यावर जातो, पण उन्हाळ्याची वाळवणं विसरतो. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालतो, रोज पाणी बदलतो, चौथ्या दिवशी वाटून चीक काढतो. मालेगाव-सटाण्याकडचे बिबडे, दिवाळीच्या अनारशाचे तांदूळ, सुरगाणा-पेठकडची नागलीची, म्हणजे नाचणीची, आंबील, सगळीकडे तोच आंबूस वास. इथे विरजण कुणी लावत नाही. आंबटवाले दाण्याबरोबरच येतात, शेतातूनच. पाणी बदललं तरी दाण्याला चिकटलेले राहतात आणि नव्या पाण्यात पुन्हा वाढतात. मिरचीच्या देठाने दही लावायची जुनी युक्ती चालते ती पण याचमुळे, झाडावर आंबटवाले असतातच.

धान्य-भाजीच्या आंबण्यात साधारणपणे पाळ्या लागतात. पहिल्यांदा ल्युकोनोस्टॉकसारखे घाईचे गडी येतात, गॅस करतात. इडलीचं पीठ वर येतं ते यांच्या गॅसने आणि उडदाच्या चिकटपणाने तो धरून ठेवल्यामुळे. मग आंबटपणा इतका वाढतो की त्यांनाच सोसवत नाही, आणि प्लांटारमसारखे चिवट गडी सूत्रं हातात घेतात. प्लांटारमच्या काही वाणांकडे टॅनिन तोडायची अवजारं असतात. नागलीत टॅनिन आणि फायटेट दोन्ही असतं, जे लोह धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. आंबवल्यावर पीएच उतरतो, दाण्यातलंच एक एन्झाइम जागं होतं आणि फायटेट तुटायला लागतं. माझ्या आत्यासासूबाई हरसूलजवळच्या, त्या नागलीचं पीठ रात्री भिजवल्याशिवाय आंबील करतच नाहीत, म्हणतात कोरड्या पिठाची आंबील पोटात दगडासारखी बसते.

एका सकाळी दही लागलंच नाही

डेअरीतली गोष्ट. नाव नको. एका सकाळी टाकीतल्या दुधाचा पीएच बघितला तर रात्रीपासून हललाच नव्हता. आधी वाटलं मीटर बिघडला. मग दुसरा मीटर, तोही तेच. दूध चांगलं, तापमान बरोबर, विरजण नेहमीच्या कंपनीचं. सगळे एकमेकांकडे बघतायत आणि सुपरवायझर फोनवर आवाज चढवतोय. कारण निघालं फाज. फाज म्हणजे बॅक्टेरियाला लागणारा व्हायरस, माणसाला काही करत नाही. आमच्याकडे महिनोन् महिने एकच कल्चर, म्हणजे कंपनीचं तयार विरजण, चालू होतं, त्या वाणावर बसणारा फाज एकदा आत शिरला आणि टाकीतले सगळे एकजात गारद.

द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. पट्ट्यात सगळ्यांचं एकच वाण, छाटणी एकाच आठवड्यातली, आणि वरून अवकाळी. डावणी रोग आला की सगळ्यांच्याच बागेत येतो. दुधाच्या कल्चरमधला फाजचा त्रास न्यूझीलंडच्या लोकांनी १९३५ मध्येच ओळखला होता, आणि तेव्हापासून उपाय तोच, वाणं आलटून पालटून वापरा, मिश्र वापरा. आम्हीही नंतर तेच केलं.

याच भांडणातून एक भलतीच मोठी गोष्ट निघाली. थर्मोफिलसच्या डीएनएमध्ये फाजच्या डीएनएचे तुकडे चिकटवून ठेवलेले सापडतात, पोलीस चौकीत वाँटेड लोकांचे फोटो लावतात तसे. तोच फाज परत आला की ओळखून कापून टाकायचा. या व्यवस्थेला क्रिस्पर म्हणतात, आणि ती बॅक्टेरियाला फाजपासून वाचवते हे २००७ मध्ये डॅनिस्को या कल्चर बनवणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी थर्मोफिलसवरच सिद्ध केलं. पुढे क्रिस्पर वापरून कुठलाही जीन कापायची कात्री तयार झाली आणि २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल त्या कामाला मिळालं. प्रत्येक वाणाच्या चौकीतले फोटो वेगळे, कारण प्रत्येकाने वेगवेगळे हल्ले बघितलेत. घरच्या विरजणात अनेक वाणं एकत्र असतात तेव्हा एखादं मेलं तरी दही लागतं ते म्हणून. जरा उशिरा लागेल, पण लागतं.

"मग घरचं दही म्हणजे प्रोबायोटिकच झालं ना?"

नाही. काकूंचा फॉरवर्ड इथे घसरतो. प्रोबायोटिक म्हणायला तीन गोष्टी लागतात: वाण नेमकं ओळखलेलं हवं, पुरेशा संख्येने जिवंत हवं, आणि त्याच वाणाचा फायदा माणसांवर तपासलेला हवा. एका वाणावर झालेली तपासणी त्याच प्रजातीच्या दुसऱ्या वाणाला लागू होत नाही, शेजारच्या मुलाला मेरिट मिळालं म्हणून आपल्याला मिळत नाही तसं. जपानी मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये वेगळं काढलेलं शिरोता वाण आजही त्याच नावाने विकतात ते याचसाठी. घरच्या दह्यात कोण आहे ते ओळखलेलंच नाही तर दावा कसला करणार. पण प्रोबायोटिक नाही म्हणजे निरुपयोगी, हा काकांच्या फॉरवर्डचा घोटाळा. चांगल्या दह्यात दर ग्रॅमला करोडोंनी जिवंत आंबटवाले असतात, लॅक्टोज कमी झालेलं असतं, ज्यांना दूध पचत नाही त्यातल्या बऱ्याच जणांना दही पचतं. एवढं पुरे की.

"इडली-कुरडई शिजवल्यावर सगळे मरतात, मग वाणाचं कौतुक कशाला?"

मरतात, खरंय. पण त्यांनी आधी करून ठेवलेलं काम मरत नाही. मोकळं झालेलं लोह, चव, जाळी पडलेली इडली, सगळं तिथेच असतं. गवंडी गेला म्हणून भिंत पडत नाही.

"अनोळखी बॅक्टेरिया पोटात घालणं रिस्की नाही का?"

बरोबर प्रश्न आहे. आंबटवाले आपण पिढ्यान् पिढ्या खात आलोय आणि पीएच ४.६ च्या खाली बऱ्याच त्रासदायक जंतूंना वाढणं अवघड जातं, म्हणून आंबवलेलं अन्न तसं सुरक्षित. पण विविधता म्हटली की त्यात नको असलेलेही येतात. काही वाणं टायरामीन, हिस्टामीन अशी डोकं दुखवणारी द्रव्यं करतात, काहींच्या चिठ्ठ्यांवर अँटिबायोटिकला दाद न देण्याचे जीन असतात आणि चिठ्ठ्या वाटल्या जातात हे वर सांगितलंच. म्हणून कंपनीत कल्चर वापरण्याआधी हे तपासतात. घरी आपल्या हातात एवढंच, की दूध नीट उकळलेलं हवं, भांडं कोरडं स्वच्छ हवं, आणि दह्यावर गुलाबी, काळा, हिरवा कसलाही रंग दिसला की वास घेत बसू नका, टाकून द्या.

"तर विरजण जपायचं म्हणजे काय करायचं?"

मोठ्या पातळीवर हे काम चालूच आहे. पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेत आणि कर्नालच्या एनडीआरआय या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत बॅक्टेरियाची वाणं गोठवून, सुकवून सांभाळलेली असतात, बियाण्यांची बँक असते तशी. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यात झाडं-प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवही येतात. उद्या कुणी पेठच्या आंबिलीतून एखादं भारी वाण काढून धंदा केला, तर त्या भागातल्या लोकांना त्यातला वाटा मिळायला हवा अशी त्यात सोय आहे. कागदावर तरी.

घरी मात्र उलटं चाललंय. सिन्नरहून आईचं विरजण घेऊन आले होते, तीन वर्षं टिकलं. मग आठवडाभर गावाला गेलो, आल्यावर दही फुगून वास मारत होतं, आणि मी सरळ कोपऱ्यावरच्या दुकानातून पाउच आणून त्यातलं चमचाभर लावलं. विंगमधल्या बाकीच्या सगळ्यांनी कधी ना कधी हेच केलंय, म्हणजे आमच्या चोवीस घरांत आता बहुधा एकाच कंपनीचं वाण फिरतंय. मला स्वतःला हे कळायला हवं होतं, शिकले कशाला एवढी.

आता दिवाळीत आईकडून परत आणलं. या वेळी अर्धं लावलं आणि अर्धं स्वच्छ छोट्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवलं, गोठून काही मरतात पण दोन-तीन महिने तरी पुरेसे जिवंत राहतात, मग नवीन दह्याने डब्या बदलायच्या. जुनी पद्धत आहे, स्वच्छ सुती कापड दह्यात बुडवून सावलीत वाळवायचं आणि लागेल तेव्हा तुकडा कोमट दुधात टाकायचा, ती पण करून बघितली, पहिल्या दिवशी नीट लागलं नाही, दुसऱ्या फेरीला मस्त लागलं. डब्यांवर 'आई, सिन्नर' आणि तारीख लिहिलीये, कारण पहिली डबी नवऱ्याने कुल्फी समजून काढली होती. ग्रुपवर टाकलंय, कुणाला हवं असेल तर वाटी घेऊन या, फक्त सकाळी दहाच्या आत.